मधली सत्ती

"साइड शोचं बोलायचं न्हाई गड्या. नियम हाय," हंबीरराव हवालदार म्हणाले आणि आयर्विन पुलाच्या कठड्यावर कोपर टेकून खाली कृष्णेकडं बघायला लागले. एवढंच झालं. आवाज चढला नव्हता, कपाळाला आठी नव्हती. पण जालिंदर कठड्यापासून एक पाऊल मागं सरला. अकरा वर्षं दर रविवारी, पत्ते खेळून परतताना, याच पुलाच्या मध्यावर थांबून त्यानं हाच प्रश्न विचारला होता, काय हुतं वो तुमच्याकडं? आणि दर रविवारी हवालदारांनी आधी मागंपुढं बघून, जणू पलटणीचं गुपित फोडतोय अशा थाटात, आपल्या तीन पानांची नावं सांगितली होती. मग दोघं मिळून तो डाव पहिल्या चालीपासून पुन्हा खेळायचे, तोंडानं. कोण कुठं चुकलं, कोणी कोणाला कुठं फसवलं, नानासोनं चांगली जोडी का टाकून दिली. पाणी खालून जात राहायचं. खरं म्हणजे जालिंदरचं घर स्टँडच्या अलीकडंच. पुलावर यायचं त्याला काही कारण नव्हतं. सांगलीवाडीत राहायचे ते हवालदार. पण घर मागं टाकून अर्ध्या पुलापर्यंत यायचं आणि तिथून एकट्यानं परत फिरायचं, हा त्याचा रविवार होता. बाकी आठवडा म्हणजे नोकरी. आज हवालदारांनी नियम दाखवला, आणि दाखवला तो धम्मपालच्या देखत. धम्मपाल भडंगाची पुडी हातात धरून पलीकडं उभा होता. तो हसला. फार नाही, ओठांच्या एका कोपऱ्यात हसला, आणि पुडी पुढं करून म्हणाला, "घ्या की दाजी." जालिंदरनं चिमूटभर भडंग घेतलं, कारण न घेतलं असतं तर दिसलं असतं.

नियम त्याचाच होता, हे आणखी एक. डाव चालायचा तो मार्केट यार्डात. नानासो तिथल्या हळदीच्या एका अडत दुकानात तोलार, म्हणजे काट्यावर पोती तोलणारा. रविवारी यार्ड बंद, दुकानाची पडवी रिकामी, किल्ली नानासोकडं. दुपारी जेवणं उरकून मंडळी जमायची, दोन रिकामी पोती अंथरायची आणि तीन पत्ती सुरू. पैसे लावायचे नाहीत हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. हवालदार फौजेतून आल्यावर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहणारे, जालिंदर टेलिफोन खात्यात; नसतं लचांड कोणाला हवंय. म्हणून पैशाऐवजी हळकुंडाचे तुकडे. उठताना ज्याच्याकडं सगळ्यात कमी तुकडे, त्यानं सगळ्यांना चहा आणि भडंग द्यायचं. तेवढ्याशा भडंगासाठी माणसं किती कावेबाज होतात हे बघायचं तर त्या पडवीत यावं. पानांच्या कडा पिवळ्या, बोटं पिवळी, सोमवारी ऑफिसात डबा उघडला तरी बोटांना कच्च्या हळदीचा वास. जालिंदर एखादा मोठा डाव ओढून खुशीत आला की हवालदार म्हणायचे, "बगा, अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालं बेनं." त्या खेळात साइड शो ही एक भानगड. आपण आपली पानं बघितलेली असली, आणि आपल्या आधी चाल देणाऱ्यानंही बघितलेली असली, की त्याला हळूच म्हणायचं, दाखवा. मग दोघं डोकी जवळ आणून एकमेकांची पानं बघणार. ज्याचं हलकं त्यानं पॅक करायचं, म्हणजे पानं टाकून डावातून बाहेर. बाकीच्यांनी फक्त दोघांची टाळकी बघायची. एकदा नानासोनं साइड शोत बघितलेलं भर डावात बोलून टाकलं आणि हातघाईवर प्रकरण आलं, तेव्हा जालिंदरनं नियम घातला: साइड शोत दोघांनी जे बघितलं ते दोघांतच राहायचं, डाव संपल्यावरसुद्धा. सगळ्यांनी मान डोलावली. आणि त्याच संध्याकाळी पुलावर हवालदारांनी तो नियम मोडला, फक्त त्याच्यासाठी. नियम असल्यामुळं तर मोडण्यात गोडी होती.

धम्मपालला आणला त्यानंच. दीपमालाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, मावशीचा हा मुलगा, मूळचा म्हसवडचा, सांगलीवाडीच्या शाळेत मास्तर म्हणून लागला तेव्हा खोली बघून दे म्हणून मावशीचं पत्र आलं होतं. जालिंदरनं हवालदारांना सांगितलं, हवालदारांनी आपल्याच गल्लीत खोली बघून दिली. मग पंच्याण्णव साली सगळीकडं एसटीडीचे बूथ निघाले, ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटरचं काम आटलं आणि जालिंदरची बदली साताऱ्याला झाली, एकशे सत्त्याण्णववर, लोकांना नंबर सांगायला. पोरगी, दीक्षा, नववीला, पुढं दहावी. बिऱ्हाड हलवता येईना. सुट्टीची पाळी जमली तर महिन्यातले दोन रविवार सांगलीत. निघताना त्यानंच धम्मपालच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "माझी जागा गरम ठेव." पोरानं ऐकलं. अगदी मनापासून ऐकलं. एकोणीस वर्षं जालिंदरनं दोन माणसं जोडून देण्याचं काम केलं होतं, आणि त्या कामाची एक रीत होती: इकडच्याचं तिकडच्याशी 'हॅलो, कोण' झालं की आपण कानावरचा हेडफोन सरकवायचा. मग ते प्रेमाचं बोलोत, मयताचं बोलोत, आपला संबंध संपला. कधी त्यानं ती रीत मोडली नाही. इथं मात्र हेडफोन कुठं सरकवायचा ते त्याला कळेना.

घरी पिशवी भरताना दीपमाला सहज म्हणाली, "बुधवारी धम्मपाल आलता. हवालदारांना घिऊन. जेवली दोगंबी."

"जेवले? हवालदार?"

"व्हय की. भाकरी, वांगं. आनि थोडं वाढा वैनी म्हनले." तिनं साताऱ्यासाठी चटणीचा डबा पिशवीत उभा बसवला. "धम्मपालनंच वढून आनलं वो. त्ये दारातनंच जातू म्हनत हुतं, ह्यो म्हनला चला की, जेवून जाऊ."

जालिंदर खाटेवर बसला. अकरा वर्षांत हवालदार या दारात किती वेळा आले असतील. पायरीवर बसून पाणी प्यायले, चहा प्यायले, दीक्षाला गोळ्या दिल्या. पण जेवायला या असं जालिंदरनं कधी म्हटलं नव्हतं. म्हणावंसं पुष्कळदा वाटलं. मटणाचा वास गल्लीभर सुटलेला असायचा आणि शब्द ओठावर यायचे. पण पलूसकडचं पाटलाचं घर, मागं भावकी, आणि आपण आपले. नाही म्हणाले तर? काही कारण काढून, हसून, अगदी गोड बोलून नाही म्हणाले तर पुढच्या रविवारी पुलावर उभं कसं राहायचं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. अकरा वर्षं त्यानं ते पान उपडंच ठेवलं. आणि हा कालचा पोरगा चला की म्हणाला, आणि ते आले, आणि आणखी वाढा म्हणाले. इतकं सोपं होतं ते. हवालदारांनी आपल्या भावकीतला कोणी आणून त्याच्या जागेवर बसवला असता तर जालिंदरला राग धरायला एक रीतसर कारण मिळालं असतं. तो राग त्याच्या ओळखीचा होता, बापाकडून आलेला, चारचौघांत बोलता येणारा. पण धम्मपाल त्याच्याच समाजातला, त्याच्याच नात्यातला, त्यानंच आणलेला. हा जो जाळ होता त्याला काहीच नाव देता येत नव्हतं, मत्सर सोडून. आणि बेचाळिसाव्या वर्षी, पोरगी दहावीला असताना, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बंदूकवाल्यावरून मत्सर, हे कोणाला सांगणार. दीपमालाला सांगितलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती.

साताऱ्याची गाडी पाचला सुटली. खिडकीची जागा मिळाली होती आणि काचेला तडा होता, त्यातून वारा कानात शिरत होता. जालिंदरनं डोळे मिटले आणि तो डाव पुन्हा मांडला. सवयच ती. फरक एवढाच की आज ऐकायला कोणी नव्हतं. पानं वाटली नानासोनं. पहिली चाल जालिंदरची. तो आंधळी कधी खेळत नाही, आधी बघतो. बघितलं तर बदामाचा एक्का, नव्वी, चव्वी. कलर, म्हणजे तिन्ही पानं एकाच रंगाची, तोही एक्क्याचा. महिनाभरात असं पान आलं नव्हतं. दोन तुकडे टाकले. पुढं हवालदार, ते पहिली फेरी न बघता, आंधळीच खेळतात, फौजी शिरस्ता, एक तुकडा. धम्मपालनं पानं बघितली आणि दोन टाकले. नानासोनं आपली पानं बघून, नेहमीप्रमाणं तोंड वाकडं करून, उताणीच फेकली: दश्शी, पंजी, दुर्री. दुसरी फेरी. जालिंदरचे दोन. मग हवालदारांनी पानं उचलली, बघितली, मांडीजवळ पंख्यासारखी धरली आणि चार टाकले. धम्मपालनं चार टाकून म्हटलं, "हवालदार, साइड शो." दोघांची डोकी जवळ आली. हवालदारांचं पांढरं होत चाललेलं, धम्मपालचं काळंभोर, तेल लावलेलं. आणि ते जवळच राहिले. पानं बघायला किती वेळ लागतो? तीन आणि तीन सहा पानं. एक श्वास. पण ते दोन श्वास राहिले, कदाचित तीन, आणि मग हवालदारांनी मान वर करून धम्मपालकडं असं काही बघितलं की जालिंदरला ती नजर ओळखीची वाटली. पुलावरची नजर होती ती. धम्मपालनं पानं खाली ठेवली, पॅक. उरले दोघं. जालिंदरनं चार टाकले. हवालदारांनी आठ केले. आता आठ तुकडे टाकून शो मागायचा, दोघांची पानं उताणी करायची, एवढंच काम होतं. एक्क्याचा कलर हातात असताना लहान पोरानंही शो मागितला असता. जालिंदरनं पॅक केलं. हवालदारांनी एक क्षण त्याच्याकडं बघितलं, मग आपली पानं न दाखवता गड्डीत मिसळून टाकली आणि तुकडे ओढले.

गाडी पलूसला थांबली. कंडक्टर उतरून लिंबू सरबत प्यायला गेला. रस्त्याच्या कडेनं ऊस उभा होता, तुरे आलेला, उन्हाचा शेवटचा पट्टा त्याच्या शेंड्यांवर. हवालदारांचं रान इथंच कुठंतरी, कॅनॉलच्या बाजूला. गुऱ्हाळ लागलं की तुला नेतो, काकवी पाजतो, असं ते कितीदा म्हणाले होते. नेलं नाही. जालिंदरनंही, कधी नेताय हवालदार, असं विचारलं नाही. आता त्याला एकाएकी खात्री झाली की धम्मपाल गुऱ्हाळाला जाऊन आला असणार. काकवीची बाटलीसुद्धा घेऊन आला असणार. याला पुरावा काही नव्हता. पण मत्सराला पुरावा कुठं लागतो. तो उसासारखा आहे, एकदा लावला की तोडल्यावरही खोडव्याला पुन्हा फुटतो.

त्यानं स्वतःला दटावलं आणि डावाकडं परत आला. रीतीनं विचार करायचा. नानासोच्या गड्डीत एक पान सगळ्यांना माहीत होतं: किलवरची सत्ती. तिचा वरचा कोपरा गोदामातल्या उंदरानं कुरतडलेला. त्या पानाकडं बघून खेळायचं नाही असा समजुतीचा करार होता, पण डोळे थोडेच करार मानतात. हवालदारांनी पानं पंख्यासारखी धरली तेव्हा मधल्या पानाला कोपरा नव्हता. म्हणजे सत्ती त्यांच्याकडं होती, आणि मधे होती. हवालदार पानं नेहमी ओळीनं लावतात, लहानमोठी, परेडला उभी केल्यासारखी. मग मधे सत्ती म्हणजे काय काय असू शकतं? एक, छक्की-सत्ती-अठ्ठी, म्हणजे ओळीची रन. तसं असेल तर कलर मेला. तिन्ही सत्त्या असल्या तरी मेला, पण ते इतकं क्वचित की सोडून दे. दोन, सत्तीची जोडी, तिला कलर खातो. तीन, कशाचा कशाला पत्ता नाही, एक मोठं पान, मधे सत्ती, एक लहान. ते तर भुस्काट. आता धम्मपालकडं काय असेल? त्यानं साइड शो मागितला म्हणजे बरं पान, जोडी असावी, मोठी. ती पाडायला हवालदारांकडं त्याहून मोठं हवं. सत्तीची जोडी पुरणार नाही. राहिली रन. म्हणजे पॅक बरोबर. गाडी ताकारीच्या पुढं निघेपर्यंत जालिंदरला हे पटलं होतं आणि त्याला थोडं हलकं वाटलं. एक्क्याचा कलर टाकून देणं, तेही बरोबर टाकून देणं, हे अकरा वर्षांत कोणी केलं नव्हतं. हे पुलावर सांगितलं असतं तर हवालदारांनी कठड्यावर थाप मारली असती.

पण कराड आलं आणि हिशेब उलटा फिरला. जोडीवाला धम्मपाल खरोखर हरला हे कशावरून? साइड शोत कोण हरलं ते दोघांनाच माहीत. समजा धम्मपालचंच पान मोठं होतं आणि त्यानं मुद्दाम टाकलं, हवालदारांना रान मोकळं करून द्यायला? समजा ते दोन श्वास म्हणजे ठरवणं होतं? आणि मग आणखी खोल, जिथं त्याला जायचं नव्हतं, तिथं एक गोष्ट पडलेली होती. पॅक करताना त्यानं यातलं काहीच मोजलं नव्हतं. रन नाही, जोडी नाही, मधली सत्तीसुद्धा त्या क्षणी डोक्यात नव्हती. त्याला फक्त ती दोन डोकी दिसत होती, एक पांढरं, एक काळं. शो मागितला असता तर हवालदारांची पानं दिसली असती, पण धम्मपालला ती आधीच दिसली होती. आपण आठ तुकडे टाकून जे बघणार ते त्यानं फुकट, जवळून, हवालदारांचा श्वास गालावर घेत बघितलेलं. उष्टं नको, असं काहीतरी त्याला वाटलं होतं. पानं त्यानं त्या तिरमिरीत फेकली. बाकीची अक्कल गाडीत बसल्यावर सुचलेली.

आणि त्याला अकरा वर्षांपूर्वीचा आपला पहिला रविवार आठवला. नानासोचा एक ट्रंक कॉल जोडून दिला, त्यावरनं ओळख झाली, ओळखीवरनं पडवी. परके लोक, परकी पोती, आणि आपण नवीन, कोणी बोलावं म्हणून कान टवकारून बसलेले. हातात तिर्री, नव्वी, गुलाम, म्हणजे शुद्ध कचरा. तरी त्यानं शेजारच्या मिशीवाल्या हवालदाराला म्हटलं होतं, साइड शो. जिंकायला नाही. फक्त त्या माणसाचं डोकं जवळ यावं म्हणून. हवालदारांनी त्याची ती पानं बघितली, मग त्याच्याकडं बघितलं, आणि दोन श्वास थांबले. त्या दिवशी जाताना म्हणाले, "चल गड्या, पुलापातूर येतुयास का?" साताऱ्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा अजिंक्यताऱ्यावरचा दिवा लागलेला होता, आणि जालिंदरच्या बोटांना हळदीचा वास येत होता. त्यानं नळावर दोनदा साबण लावला.

सोमवारी सकाळची पाळी त्याची एकट्याची. नऊ वाजता लाल दिवा लागला. "चौकशी. नंबर बोला."

"जालंदर हाय का?"

त्यानं आवाज लगेच ओळखला. कोड लावून एकशे सत्त्याण्णव फिरवा, मी असतो, असं त्यानं बदली झाली तेव्हाच सांगून ठेवलं होतं. सव्वा वर्षात हवालदारांनी एकदाही फिरवलं नव्हतं.

"मीच हाय हवालदार. बोला."

"काल लय तोंड पाडून गेलास."

"न्हाई वो. गाडीची घाई हुती."

"घाई हुती म्हनं." पलीकडं खाकरणं. "आता ऐक. नियम गेला चुलीत. माज्याकडं कायबी नव्हतं. राजा, सत्ती, तिर्री. धम्मपालकडंबी भुस्काट. तुजं तुकडं लय कमी झालं हुतं, म्हटलं ह्यो सातारला रिकाम्या हातानं कशाला जातुया. डाव तुला द्यायचा ठरवलं आमी. म्हून चढवत नेलं. आन् तू पॅक. अकरा वर्सं खेळतुयास माज्यासंगं. एक शो मागाया काय झालतं रं तुला?"

जालिंदरनं डोळे मिटले. राजा, सत्ती, तिर्री. सत्ती मधे. जुळत होतं. सगळं जुळत होतं, आणि त्याला एकदम लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ बरं वाटलं. त्याच्यासाठी केलं होतं. मग त्यानं विचारलं, विचारायला नको होतं तरी विचारलं, "ठरवलं कवा तुमी?"

"तवाच की. पानं बगताना."

"बोलला तर न्हाई काय दोगं."

"बोलाया लागतंय व्हय?"

तेवढ्यानं सगळं परत पेटलं. बोलावं लागत नाही. त्याच्या दोन रविवारांच्या मधल्या रिकाम्या रविवारांत ते इथवर आले होते. दिलेला डाव त्याच्या हातात येण्याआधीच कडू झाला. "बरं हवालदार," तो म्हणाला. "लाइन अडून ऱ्हाती."

"व्हय व्हय, ठेवतू. पुढल्या रविवारी येतुयास न्हवं?"

"बगतू."

पलीकडं रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला, पण तो लाकडावर ठेवल्याचा आवाज होता. लाइन तुटली नाही. हवालदार चष्मा काढत असावेत, खिसे चाचपत असावेत. मग दुसरा आवाज आला, थोडा लांबून.

"सांगितलं?" धम्मपाल विचारत होता.

"सांगितलं."

"काय म्हनलं दाजी?"

"काय म्हनतुया. गप ऐकून घेतलं. बरं वाटलं आसंल."

दोन माणसं बोलायला लागली होती. एकोणीस वर्षांची रीत अशी की आता हेडफोन सरकवायचा. जालिंदरचा हात कानाकडं गेला. पण त्यानं हेडफोन सरकवला नाही, दाबून धरला.

"पर हवालदार, खोटंच सांगायचं आसं कशापायी ठरवलं तुमी? तुमच्याकडं तर रन हुती. छक्की, सत्ती, अठ्ठी. माजी राजाची जोडी मी उगं टाकली व्हय?"

"आसू दे."

"आसू दे कसं? दाजींनी लय मोठं पान टाकलं वो. एवढं तुकडं टाकत आलं म्हंजी कलर तरी आसनारच. कलर हातात घिऊन पॅक करायचं म्हंजी खेळ न्हवं. मी आसतो तर शो मागून गार झालो आसतो. त्यास्नी कळलं कसं, म्या लय इचार केला. तुमचं तोंड तर दगडागत. शेवटाला माज्या ध्येनात आलं, सत्ती. उंदरानं खाल्लेली. मधी हुती ती. मधी सत्ती म्हंजी रन. त्येवढ्यावरनं वळाकलं त्यांनी. ह्ये त्यास्नी सांगाया पायजे हुतं, की तुमी बरूबर टाकलं."

जालिंदर ऐकत राहिला. डाव पहिल्या चालीपासून उलगडत होता, मधल्या सत्तीपर्यंत, जसा तो पुलावर उलगडायचा तसाच, आणि त्यात त्याची अशी स्तुती होती जी अकरा वर्षांत कोणी केली नव्हती. आणि ती खोटी होती. सत्ती बघून त्यानं पान टाकलंच नव्हतं, हे जगात एकालाच ठाऊक होतं.

"कलरच हुता," हवालदार शेवटी म्हणाले.

"तुमाला कसं ठाव?"

"पान चांगलं आलं की त्यो डाव्या कानाला हात लावतुया. फोनवाला न्हवं का. पयल्या रविवारपासनं ठाव हाय मला."

"आन् कवा बोलला न्हाई?"

"कशाला बोलू? त्याच्यावर कवा खेळलो न्हाई मी. अकरा वर्सं. त्यानं कानाला हात लावला की मी दुसरीकडं बगायचो." आवाज खाली गेला. "काल न्हाई बगितलं दुसरीकडं. रन हातात, त्याचा हात कानाला, आन् तू शेजारी बसून बगतुयास माजा खेळ. म्हातारपनी मस्ती आली. चढवत गेलो. म्हून तर पुलावर तोंड उघडंना माजं. नियम सांगितला."

"मग ह्येच सांगायचं हुतं की त्यास्नी."

"ह्ये त्याला कसं सांगू रं? ह्ये तुला सांगतुया." मग ते म्हणाले, "तूबी खेळू नगं त्याच्या कानावर."

"न्हाई खेळनार."

मग तिसराच एक आवाज मोठ्यानं आला, बूथवाल्याचा. "आवं हवालदार, रिसीव्हर जाग्यावर ठेवा की. मीटर पळतुया." खडखड झाली आणि लाइन गेली.

जालिंदरच्या समोर लाल दिवा पुन्हा लागला होता, किती वेळ लागला होता कोणास ठाऊक. त्यानं बटण दाबलं. "चौकशी. नंबर बोला." पलीकडं एक बाई पोवई नाक्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा नंबर मागत होती. नंबर त्याला पाठ होता. डावा हात अजून कानावरच होता. त्यानं तो काढला, उजव्या हातानं धरून टेबलावर उपडा दाबून ठेवला, आणि बाईंना नंबर दोनदा सावकाश सांगितला.